मागच्या एक्सलचे हिस्सेदार

कोल्हापुरात मोटारीचं तोंड मालकाचं असतं आणि मागचा एक्सल गल्लीचा. बॉनेट उघडून तुम्ही दिवसभर उभे राहा, येणारा-जाणारा "तापली काय?" एवढं विचारून पुढं जातो. पण गाडीचं मागचं बूड उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवून बघा. अर्ध्या तासात शिवाजी पेठेतली निम्मी कर्ती माणसं गाडीखाली डोकावत उकिडवी बसलेली असतात. उभा माणूस नुसती चौकशी करतो. उकिडवा बसलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय उठत नाही, आणि उठला की घरी न जाता दुसऱ्याला घेऊन येतो.

आमची गाडी १९६१ सालची ॲम्बॅसेडर, मार्क वन. आजोबांनी घेतलेली. आजोबा गुळाचे अडते. शाहूपुरीत त्यांची पेढी होती. डिकीत गुळाचे रवे, मागच्या सीटवर गुळाचे मालक आणि पुढं आजोबा, अशी ही गाडी वर्षानुवर्षं धावली. मागच्या पाट्यांनी तेव्हा जी मान टाकली ती अजून वर केलेली नाही. हिला व्हिंटेज म्हणावं की नाही यावर मतभेद आहेत. इंग्लंडातले काटेकोर शौकीन १९३० नंतरच्या गाडीला व्हिंटेज मानत नाहीत. आमची ही १९६१ सालच्या गाडीला गाडीच मानत नाही. तिचं म्हणणं, बॉनेट चांगलं रुंद आहे, त्यावर सांडगे छान वाळतात, तेवढ्यापुरती असू दे. मुळात ही इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज थ्री. त्यांनी ती थोडक्या वर्षांत बंद करून टाकली. आपण मात्र उत्तरपाड्याच्या कारखान्यातून तिचंच बाळंतपण २०१४ पर्यंत करत राहिलो. एकदा घरात आलेली वस्तू टाकायची नाही म्हणजे नाही.

दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा अख्खं कोल्हापूर टाचा उंचावून तिच्याकडं बघतं. आमची गाडी त्या दिवशी झेंडूची माळ घालून अंगणात उभी असते आणि सोनं द्यायला आलेले पावणे चपला तिच्या सावलीत काढून घरात येतात.

तर आवाज. क्लच सोडला की मागून 'ठक्'. ॲक्सिलरेटर दाबला की 'घुंईंई'. पाय काढला की तोच 'घुंईंई' घोगरा होऊन 'घूंऽऽर्र'. रंकाळ्याच्या कडेनं जाताना काठावर भेळ खाणारी माणसं आधी आभाळाकडं बघायची, मग माझ्याकडं.

इथं निदान फुकट मिळतं, फक्त निदान करणाऱ्याचं दुकान कसलं आहे हे आधी बघून घ्यावं लागतं. टायरवाल्यानं टायर सांगितला. बेअरिंगवाल्यानं चाकाचं बेअरिंग सांगितलं. प्रोपेलर शाफ्टची कामं करणाऱ्यानं तर गाडी न बघता, फोनवरच "क्रॉस गेला" असं सांगून टाकलं. शेजारचे काका एसटीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मूठभर लाकडाचा भुसा घाल आत. गप होतंय." हा इलाज थापेचा नाही, जुना आहे, गाड्या विकणारे लोक एकेकाळी तो सर्रास करत. भुशानं आवाज मरतो. गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत गिअरही मरतात. मला गाडी विकायची नव्हती हे ऐकून काकांचा विरस झाला.

खरं निदान केलं ते आमच्या मामांनी. मामांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण हयात गेली ती देवल क्लबाच्या गाण्याच्या बैठका ऐकण्यात. "हे अल्लादिया खाँसाहेबांचं गाव आहे, इथं बेसूर खपत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते वाक्य त्यांनी आजवर कुल्फीवाल्याच्या घंटेलाही सोडलेलं नाही. माझी गाडी त्यांच्या दारावरून गेली की त्यांना त्रास व्हायचा. एका सकाळी ते पेटी घेऊनच मागच्या सीटवर चढले. ॲम्बॅसेडरच्या मागच्या सीटवर मामा, पेटी आणि पानाचा डबा हे तिघे मांडी घालून बसू शकतात. आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो.

"पन्नासवर धर," मामा म्हणाले. मी धरली. मामांनी भाता हलवला, दोन-तीन पट्ट्या चाचपल्या. "काळी एक. आता साठ कर."

मी साठ केली. मागून 'घुंईंई' चढला. मामांनी डोळे मिटले.

"वा! कोमल गंधार. काय चोख लागलाय रे! पंचाहत्तर कर, पंचम लागेल."

"मामा, साठच्या पुढं ही जात नाही."

"म्हणजे गंधार कोमल आणि पंचम वर्ज्य," मामा म्हणाले, "मालकंस आहे."

मी नंतर हिशेब करून बघितला. तो अगदी बरोबर होता. मागच्या एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचे, म्हणजे क्राउनचे, दात त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनच्या दातांना सेकंदाला जितक्यांदा भिडतात तितका तो सूर उंच. पन्नासाचे साठ म्हणजे सहास पाच हे प्रमाण, आणि षड्जाचं कोमल गंधाराशी तेच नातं आहे. पंचाहत्तरला दीडपट, म्हणजे पंचम. तेव्हा मात्र मी फक्त समोरची उसाची ट्रॉली चुकवत होतो.

"आता वेग तोच ठेवून गिअर बदल," मामांचं पुढं चालूच होतं. मी बदलला. "सूर हलला नाही. म्हणजे इंजिनाचा नाही, तो गिअरबरोबर हलला असता. आता पाय काढ. बघ, सूर तोच, पण आवाजाची जात बदलली. टायर असता तर त्याला तुझ्या पायाशी काय कर्तव्य? जो कोण गातोय तो मागं बसून गातोय, आणि तुझ्या पायाच्या इशाऱ्यावर गातोय."

हे सगळं मी उद्यमनगरातल्या मिस्त्रींना जसंच्या तसं सांगितलं. मिस्त्री आता फक्त जुन्या गाड्यांची कामं घेतात, तीही मनात आलं तर. त्यांनी गाडी एकदा मागं-पुढं केली, लांब पेचकसाचं टोक मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्याच्या, म्हणजे डिफरन्शिअलच्या, पोटाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मग माझ्याकडं बघून विचारलं, "मामा काय करत्यात सध्या? मोकळंच असतील तर पाठवून द्या की हिकडं." निदान एकच होतं. क्राउन-पिनियन गेली, छोट्या पिनियनींच्या मागचे वॉशर गेले, बेअरिंगंही बदलावी लागणार. "डिफरन्सल समदं उतरायचं. विषय हार्ड हाय."

उद्यमनगरात 'होत नाही' असं कुणी म्हणत नाही. यंत्रं घडवणाऱ्या म्हादबा मिस्त्रींचं नाव जिथं अजून कानाला हात लावून घेतात ते हे गाव. शेतीच्या पंपांना लागणारी ऑइल इंजिनं इथल्या हातांनी घडवली. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून देशभरच्या मोटारींची बिडं ओतून जातात. अशा गावात एका जुन्या गाडीच्या एक्सलला काय लागणार, या समजुतीत मी होतो. लागणाऱ्या वस्तूंची यादी मिस्त्रींनी विड्याच्या पाकिटाच्या मागं लिहून दिली आणि तिच्यात शेवटून दुसरी वस्तू होती शेंदूर. मला वाटलं, हातभार म्हणून देवालाही काहीतरी सांगून ठेवत असतील.

काम माझ्याच अंगणात करायचं ठरलं, कारण मिस्त्रींच्या शेडात आधीच एक जीप आणि तिचे मालक मुक्कामाला होते. गाडीचं बूड उचललं, घोड्या लावल्या. चाकं अजून जागेवर होती. मिस्त्रींनी गिअर टाकून एक मागचं चाक हातानं पुढं फिरवलं. तिकडचं चाक आपोआप उलटं फिरलं. गल्लीतल्या पोरांनी ते बघितलं आणि पुढचा तासभर आम्हाला काम करता आलं नाही. एकजण इकडं फिरवतोय, दुसरा तिकडून ते थांबवायला बघतोय, बाकीची पोरं नंबर लावून उभी. मग निवृत्त झालेले गणिताचे सर आले आणि त्यांनी उकिडवं बसून सगळ्यांना समजावलं, की मधला क्राउन थांबलेला आहे, त्याचा वेग शून्य. म्हणून दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरीही शून्य आली पाहिजे. एक अधिक तर दुसरं उणे. वर्गात कधी ऐकलं नसेल इतक्या शांतपणे पोरांनी ते ऐकलं आणि पुन्हा नंबर लावला.

ही वस्तू मुळात आहे कशासाठी, तर वळणासाठी. गाडी वळली की बाहेरच्या चाकाला जास्त रस्ता कापावा लागतो, आतल्याला कमी. विसर्जनाच्या मिरवणुकीत पापाच्या तिकटीला लेझीम पथक वळताना बघा: ओळ मोडत नाही, पण आतल्या कडेचं पोरगं जागच्या जागी पाय आपटतं आणि बाहेरच्या कडेचं धापा टाकत पळतं. दोन्ही चाकं एकाच सळसळीत दांडीवर पक्की ठोकली तर वळणावर कुणातरी एकाला घासत जावं लागणार. म्हणून दांडीचे दोन तुकडे करायचे, मधे दात्यांची छोटी चाकं ठेवायची, आणि इंजिनाचा जोर क्राउनच्या हाती देऊन क्राउननं तो दोघांत वाटायचा. कोण किती पळणार ते दोघांनी आपापसात बघून घ्यावं. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर नावाच्या माणसानं वाफेच्या गाडीसाठी या युक्तीचं पेटंट घेतलं. हा पेकर पेशानं घड्याळजी. एवढ्या नाजूक हाताच्या माणसानं गाडीतली सगळ्यात जड, सगळ्यात तेलकट आणि सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू काढावी, याचा मला गाडीखाली पाठीवर पडलेलो असताना वारंवार राग आला.

तेल काढायचा प्लग सोडला आणि दुसऱ्या मिनिटाला शेजारच्या काकूंनी गॅसचा सिलिंडर बंद केला. या गाडीत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसते, त्यामुळं दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातही. ते घसरणं सोसायला तेलात गंधकाची संयुगं घालतात. त्याला ९० नंबरचं तेल म्हणतात आणि त्याचा वास गॅसगळतीसारखा येतो. काकूंनी सिलिंडर बंद केला, मग त्यांच्या वरच्या मजल्यानं केला, मग समोरच्या वाड्यात कुणीतरी कुणाला तरी फोन केला. हे सगळं निस्तरेपर्यंत तेल परातीत आलं होतं. परात आमच्या हिची होती. तेलात चंदेरी कण चमकत होते. मिस्त्रींनी बोट बुडवून ते उन्हात धरलं आणि म्हणाले, "क्राउनची चांदी झाली बघा." ही दारात उभी राहून म्हणाली, "आणि माझी परात गौरी-गणपतीच्या आत परत पाहिजे. पुरण काय तुमच्या क्राउनमध्ये घालू?" त्या क्षणापासून तिचाही या एक्सलमध्ये हिस्सा झाला.

दांड्या ओढल्या, नट सोडले आणि डिफरन्शिअलचा तो गोळा बाहेर आला. तो उचलायला तालमीतली दोन पोरं बोलावली होती. त्यांनी तो उचलला, मग खाली ठेवलाच नाही. आधी कोण डोक्यावर नेतो यावर पैज लागली. दुधाच्या दोन पेल्यांची. ती पैज त्याच संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर फिटली आणि तिथं पेला हातात घेऊन उभ्या असलेल्या, आम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या चार माणसांनी माझ्या पिनियनवर चर्चा केली.

आता जोडी. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून बसवलेली असतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, आणि एकट्याला घेता येत नाही. एवढी जुनी जोडी गावात नव्हती. कलकत्त्याला मल्लिक बाजारात मिळेल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तिथं ॲम्बॅसेडरच्या टॅक्स्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, सामानही तिथंच असणार. मी फोन लावला. कोल्हापूरची हिंदी आणि कलकत्त्याची हिंदी समोरासमोर आल्या की मधे हिंदी उरत नाही.

"दादा, क्राउन-पिनियन पायजे था. दोनों का नंबर एकच होना."

"हाँ दादा, एकदम ओरिजिनल होगा, दादा."

"नंबर का क्या, दादा?"

"नंबर भी ओरिजिनल, दादा."

आम्ही दोघंही एकमेकांना दादा म्हणत राहिलो आणि त्या आदरातच पैसे गेले. पार्सल आलं. दोन्ही नंबर ओरिजिनलच होते, फक्त वेगवेगळे होते. मिस्त्रींनी दोन्ही तुकडे हातात तोलले आणि फडक्यात परत बांधले. "ह्यो एका घरचा, ती दुसऱ्या घरची. हे नांदायचं न्हाई." पार्सल परत गेलं. दुसरं यायच्या आत पावसाळा मध्यावर आला, पंचगंगेचं पाणी चढून उतरलं, आणि आमची गाडी ताडपत्रीखाली बूड वर करून बसून राहिली. बॉनेट मोकळं असूनही हिनं सांडगे घातले नाहीत. पुढं उतार झाल्यामुळं घरंगळतात म्हणाली.

योग्य जोडी आली आणि खरं काम सुरू झालं. पिनियनच्या डोक्यामागं एक जाड वॉशर असतो. त्याच्या जाडीवर पिनियन किती आत बसणार ते ठरतं, आणि हा हिशेब थाउमध्ये चालतो. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण तीन थाउ जाड. आत-बाहेर बसली का, हे बघायला दातांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा दाताच्या कुठल्या भागावर उमटतो ते बघायचं. दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, शेंड्याला उमटला तर फार बाहेर. ठसा दाताच्या मधोमध पाहिजे. कारखान्यांमधून यासाठी निळा रंगही वापरतात. मिस्त्री शेंदूर वापरतात. शेंदूर म्हणजे शिशाचा रंग; तेलात कालवला की दातावर बेताचा बसतो, आणि फार पूर्वीपासून जगभरचे मेकॅनिक तो वापरत आलेत.

महाद्वार रोडवर पूजेच्या दुकानात मी पाव किलो मागितला. दुकानदारानं वर बघितलं. एवढा शेंदूर माणूस नवीन मारुती बसवतानाच नेतो. "कुठं बसवताय?" त्यानं विचारलं. "मागच्या एक्सलमध्ये," मी म्हणालो. त्यानं मला पुडीसोबत अंगारा फुकट दिला.

दुपारी मिस्त्रींनी क्राउनचे सगळे दात शेंदरानं माखले, तो अख्खा गोळा अंगणातल्या स्टुलावर पालथा ठेवला आणि ते जेवायला गेले. मीही आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर गोळ्यावर जास्वंदीचं फूल, वर हळदीची चिमूट, खाली दोन उदबत्त्या आणि एक रुपयाचं नाणं. काकू हात जोडून उभ्या होत्या. मी त्यांना समजावायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात मिस्त्री आले, त्यांनी तो देखावा बघितला, चप्पल काढली आणि नमस्कार केला.

"मिस्त्री, अहो, ते डिफरन्शिअल आहे!"

"मला काय म्हाईत न्हाई व्हय? पर आज वार कुठला?"

शनिवार होता. शनिवारी शेंदूर लावलेल्या वस्तूला पाना लावायला मिस्त्री तयार झाले नाहीत. रविवारी मिस्त्रींची सुट्टी. सोमवारी काकूंच्या हातून नारळ फुटला, फूल उतरलं आणि काम चालू झालं. बघतो तर हळद तेलात उतरून दातांवर पिवळी पडली होती आणि त्या पिवळ्यात ठसा शेंदरापेक्षा जास्त स्वच्छ उमटला होता. हेही उगाच नव्हे. गिअरचे ठसे बघायला आज बाजारात जे तयार रंग मिळतात त्यातले पुष्कळ पिवळेच असतात. मिस्त्रींनी काकूंकडं वळून बघितलं आणि "वैनी, अजून जरा टाका," म्हणाले. काकूंनी टाकली. त्या दिवसापासून काकू रोज सकाळी येऊन ठसा बघून जाऊ लागल्या आणि "आज मुळाकडं वाटतोय" असंही सांगू लागल्या.

वॉशर दोन थाउ कमी करून आणायला मी उद्यमनगरातल्या सरफेस ग्राइंडरवाल्याकडं गेलो. हा मोठ्या कंपन्यांची कामं करणारा माणूस. त्यानं वॉशर बोटात फिरवला. "दोन थाउ? अवो, एवढं तर हातात धरून आलासा, त्यातच झिजलं असंल." तरी केलं. पैसे घेतले नाहीत, त्याऐवजी ठसा बघायला स्वतः आला, उकिडवा बसला आणि "अजून एक थाउ" म्हणून वॉशर परत घेऊन गेला. प्रत्येक खेपेला पिनियनवरून बेअरिंग दाबून काढायचं, वॉशर बदलायचा, बेअरिंग बसवायचं, शेंदूर, हळद, काकू. दातांमधली मोकळीक मोजायचा डायलही त्यानंच आणला. ती किती ठेवायची हे क्राउनच्या पाठीवरच कोरलेलं होतं, पण कोरलेलं वाचून कुणाचं समाधान झालं नाही, प्रत्येकानं क्राउन हलवून स्वतःच्या बोटाला विचारलं.

मग बेअरिंगचा ताण. पिनियनची बेअरिंगं सैल सोडली तर आवाज, फार आवळली तर जळतात. मोजायची रीत सोपी आहे: पिनियनच्या फ्लँजला सुतळी गुंडाळायची, सुतळी स्प्रिंगच्या काट्याला अडकवायची आणि ओढायची, फिरायला लागताना काट्यावर येईल तो आकडा. काटा गल्लीत एकच होता, रद्दीवाल्याचा. मिस्त्री त्यावर मोजणार तेवढ्यात आमची ही म्हणाली, "थांबा. त्याचा काटा कमी दाखवतो. सहा किलोचे पेपर त्यानं चार भरवलेत." सगळे थबकले. काटा कमी दाखवत असेल तर खरा ताण जास्त होणार आणि बेअरिंग जळणार. रद्दीवाला तिथंच होता. तो खवळला. त्यानं आईची, जोतिबाची आणि शेवटी काट्याची शपथ घेतली. तोवर कांदे-बटाट्याची हातगाडी आली. त्याच्याकडंही स्प्रिंगचाच काटा. पण हा विकणारा, म्हणजे हा जास्त दाखवणार. मिस्त्रींनी क्षणभर विचार केला, दोन्ही काट्यांनी ओढून बघितलं आणि मधला आकडा धरला. गणिताचे सर टाळी वाजवून म्हणाले, "सरासरी! डिफरन्शिअलचं तत्त्वच आहे ते."

तेल कोणतं घालायचं यावर जे झालं ते मी लिहीत नाही. दोन माणसं अजून बोलत नाहीत एकमेकांशी.

बसवणं त्या मानानं लवकर उरकलं. परात घासून परत केली. तिनं ती वास घेऊन परत माझ्याकडंच दिली आणि नवी घ्यायला लावली.

पहिली चक्कर पन्हाळ्याला काढायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. सकाळी किल्ली घेऊन बाहेर आलो तर स्टिअरिंगवर मिस्त्री बसलेले. पहिल्यांदा बेअरिंग गरम होतंय का हे त्यांनाच कळणार, हे कुणालाही पटावं. त्यांच्या शेजारी त्यांचं हाताखालचं पोरगं, त्याच्या शेजारी ग्राइंडरवाला, डायल खिशात घेऊन. मागं मामा आणि पेटी. पेटीशेजारी काकू, मांडीवर नारळाची पिशवी. काकूंच्या शेजारी आमची ही, खिडकीला. रद्दीवाला दार उघडून आत शिरत होता. "माझा काटा खरा हाय का खोटा ते आज समजंल," असं तो सगळ्यांना सांगत होता. ॲम्बॅसेडर किती मोठी गाडी आहे हे मला त्या दिवशी समजलं, आणि किती लहान आहे हेही. मी शेजारच्या काकांची स्कूटर मागून घेतली.

शिवाजी पूल ओलांडला. मी बाजूनं चालवत होतो. गाडी साठवर होती आणि मागून हूं नाही की चूं नाही. वडणगे फाट्याजवळ मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा पडलेला.

"अरे, षड्जच मिळेना! काय करून ठेवलंस हे?"

"दुरुस्त झाली, मामा!"

"दुरुस्त झाली म्हणजे काय, गळाच काढून ठेवलास की तिचा!" असं म्हणून मामांनी स्वतःच पेटीवर काळी एक धरली आणि गाडी मामांच्या साथीनं पुढं निघाली.

केर्लीजवळ मी पोचलो तेव्हा गाडी जोतिबाच्या फाट्यावर उभी होती, इंजिन चालू, चारही दारं उघडी. सगळे उतरून आधी मागच्या एक्सलला हात लावून झाले होते. बेअरिंग कोमट होतं. रद्दीवाला आणि कांदेवाला दोघंही निर्दोष सुटले. वाद वेगळाच होता. काकूंचं म्हणणं, नारळ जोतिबाचा बोललेला आहे, शेंदूर फुकट लावलेला नाही, आधी डोंगरावर. मामांचं म्हणणं, पन्हाळ्याला हवा चांगली आहे, पेटी तिथंच लागेल. ग्राइंडरवाल्याला वाघबीळचा चढ बघायचा होता. पोरग्याला भूक लागली होती. मिस्त्रींनी स्टिअरिंगवर कोपर टेकून सगळ्यांचं ऐकून घेतलं, मग मला स्कूटर लावताना बघून म्हणाले, "थांबा, मालकास्नी तरी इचारूया की. काय मालक, कुठनं घ्यायची?"

मी हेल्मेट काढेपर्यंत आतून हिचा आवाज आला.

"त्यांना काय विचारताय? ते स्कूटरवर आहेत."